ध्यान ‘लागत’ नाही. नवख्या माणसाने नेमकं करायचं काय?

शेवंती | ४ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे. आज पहिल्यांदा धागा काढते आहे, कारण हे विचारावं असं घरात कुणी नाही.

मी डोंबिवलीची, वय ४३, ऑफिस सीएसएमटीजवळ. मार्चमध्ये ऑफिसच्या तपासणीत बीपी १५२/९६ निघालं. आठवड्याने पुन्हा मोजलं तरी जवळपास तेवढंच. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला आणि रोज चालायला सांगितलं, आणि मी उठत असताना ते म्हणाले, “जरा ध्यानही करत जा.” बाहेर रांग होती, त्यामुळे कसं करायचं ते विचारायचं राहून गेलं.

मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं आणि चौदा दिवस रोज पहाटे साडेपाचला देवघरासमोर मांडी घालून दहा मिनिटं बसले. डोळे मिटले की पहिलं अर्धं मिनिट बरं जातं. मग लेकीच्या दहावीच्या क्लासची फी, सासूबाईंची शुगर, सोसायटीची थकबाकी, काल साहेबांना दिलेलं उत्तर. पाच-पाच मिनिटांनी ध्यानात येतं की आपण भलतीकडेच आहोत. तोवर उजव्या पायाला मुंग्या आलेल्या असतात. तीन दिवस तर बसल्या बसल्या डोळाच लागला.

ऑफिसमधली एक मैत्रीण सांगते की तिला कपाळात निळा प्रकाश दिसतो, अर्धा तास कसा गेला कळत नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त अंधार असतो आणि हिशेब चालू असतात. उठल्यावर आधीपेक्षा जास्त अस्वस्थ वाटतं, की एवढी साधी गोष्टही आपल्याला जमू नये.

मला खरंच शिकायचं आहे. बसायचं कसं, किती वेळ, मनाचं काय करायचं, आणि बरोबर चाललंय हे ओळखायचं कशावरून?

कोरडा_ओढा | ४ मे, रात्री ११:०५

माझेही अगदी हेच प्रश्न. वाचतोय.

जुनी_बैठक | ५ मे, पहाटे ६:२०

शेवंतीताई, चौदा दिवस न चुकता बसलात हे फार मोलाचं आहे. मी २००१ पासून बसतो आहे. पहिलं वर्षभर मीही रोज उठताना तुमच्यासारखाच खट्टू व्हायचो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण म्हणतो ध्यान ‘लागतं’. हा शब्द जरा कान देऊन ऐका. झोप लागते, भूक लागते, तंद्री लागते. यातलं काहीच आपण ‘करत’ नाही. झोपेसाठी अंथरूण घालता येतं, दिवा मालवता येतो. पुढे ती तिच्या पावलांनी येते. ‘झोप, झोप’ म्हणून स्वतःला दटावत राहिलं तर माणूस रात्रभर टक्क जागा. पतंजलींनी योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात आधी धारणा सांगितली आणि मग ध्यान, ते याचसाठी असावं असं मला वाटतं. ‘देशबन्धश्चित्तस्य धारणा’, म्हणजे चित्ताला एका जागी बांधणं. त्या जागी जाणिवेची सलग धार लागली की त्याला ते ध्यान म्हणतात. बांधणं आपल्या हातात आहे, धार लागणं नाही. म्हणून मी कुणी विचारलं तर ‘ध्यान करतो’ असं म्हणत नाही, ‘बसतो’ म्हणतो.

दुसरा शब्द तुम्हीच वापरलात. ‘पाच मिनिटांनी ध्यानात येतं की आपण भलतीकडेच आहोत.’ ताई, त्या ध्यानात येण्यासाठीच तर बसायचं! फीचा विचार येणं हे मनाचं रोजचं काम आहे, ते येतच राहणार. आपण वाहवत गेलो हे कळणं आणि न चिडता परत येणं, एवढीच नवख्याची साधना. दहा मिनिटांत पंधरा वेळा मन गेलं आणि पंधरा वेळा आणलंत, तर ती पंधरा वेळची मेहनत झाली. तुम्ही ती नापासाच्या खात्यात लिहिता आहात.

आता बैठक. तुम्ही सपाट आसनावर बसत असणार. तसं बसलं की कंबर मागे कलंडते, पाठीला पोक येतो आणि सगळा भार घोट्यांवर आणि मांडीच्या मागच्या बाजूवर पडतो. मुंग्या त्यानेच येतात. घरातली जाड गोधडी घ्या आणि घट्ट घडी घाला, पाच-सहा बोटं उंच होईल अशी. तिच्या पुढच्या अर्ध्या भागावरच टेका, पूर्ण मागे सरकू नका. गुडघे कमरेपेक्षा खाली आले आणि जमिनीला लागले की कंबर आपोआप सरळ होते, तिला ताणून धरावं लागत नाही. गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याच्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या. हात मांडीवर सैल. दातांवर दात दाबलेले नकोत, जीभ सैल, खांदे एकदा वर उचलून सोडून द्या. पद्मासनाचा हट्ट नको. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते, फक्त पाठीला न टेकता आणि तळवे पूर्ण जमिनीवर ठेवून.

मग श्वास. तो मोठा करायचा नाही, रोखायचा नाही. बाहेर गेला की मनात ‘एक’. पुढचा बाहेर गेला की ‘दोन’. दहापर्यंत गेलात की परत एक. मध्येच आकडा हरवला तर शोधत बसायचं नाही, सरळ एकपासून. कधी ध्यानात येईल की आपण सव्विसावर पोचलो आहोत. म्हणजे मोजणी यंत्रासारखी चालू होती आणि आपण बाजारात होतो. हरकत नाही, पुन्हा एक. कित्येक दिवस मी चाराच्या पुढे गेलो नव्हतो.

वेळ दहा मिनिटांवरून सातवर आणा, पण रोज. मंद आवाजाचा गजर लावा, म्हणजे घड्याळ बघायला डोळे उघडावे लागणार नाहीत. झोपेचं म्हणाल तर, रात्री साडेअकराला पाठ टेकून पहाटे पाचला उठणाऱ्या शरीराला झोपच हवी असते. त्याच्याशी भांडू नका. अंघोळीनंतर बसा, किंवा डोळे अर्धे उघडे ठेवून दोन हात पुढे जमिनीवर नजर ठेवा.

निळ्या प्रकाशाची वाट बघू नका. तुमच्या मैत्रिणीला दिसत असेल, आनंद आहे. पण ती आपली खूण नाही.

शेवंती | ५ मे, रात्री ९:१५

काका, तुमचं तीनदा वाचलं. ‘नापासाच्या खात्यात’ वाचून डोळे भरून आले. गोधडी करून बघितली, खरंच फरक आहे. सात मिनिटं पाय जागा राहिला.

एक अडलं. श्वासाकडे बघायला लागले की तो बिघडतो. उगाच लांब होतो, मध्येच अडकल्यासारखं वाटतं, छातीवर दडपण येतं.

जुनी_बैठक | ६ मे, पहाटे ६:०५

फार जणांना होतं. कुणी बघतंय म्हटलं की चालणारा माणूसही अवघडतो. श्वासाला नजर लावू नका, पोटावर तळहात ठेवा आणि हात वर-खाली होतोय एवढंच जाणवू द्या. तरीही दडपण आलं तर श्वास सोडून द्या आणि आवाजांकडे जा. पंखा, कबुतरं, खालून जाणारी रिक्षा. आवाज ओळखायचे नाहीत, फक्त येऊ द्यायचे. चित्त बांधायला खुंटी हवी, ती श्वासाचीच पाहिजे असं नाही.

टाळचिपळी | ६ मे, दुपारी २:३०

ताई, मी साताऱ्याकडची, माळकरी घरातली. माझी आजी शाळेत गेली नव्हती. ध्यान हा शब्द तिच्या तोंडी विठोबाच्या रूपापुरताच, पण पहाटे जात्यावर बसली की तिचा खुंटा आणि ‘रामकृष्णहरी’ एका ठेक्यात फिरायचे. हाक मारली तर पीठ न सांडता ओ द्यायची. त्या बाईला मी कधी घाईत बघितलं नाही.

ज्यांचं मन फार धावतं त्यांना मला नामाची वाट सोपी वाटते. नुसत्या श्वासावर मन टिकत नाही, त्याला धरायला काहीतरी लागतं. श्वास आत घेताना ‘सो’ आणि सोडताना ‘हं’, हा आपल्याकडचा जुना सोहं जप. दिवसाचे श्वास २१,६०० असं जुनी माणसं सांगतात, म्हणजे मिनिटाला पंधरा. तेवढ्या वेळा जप आपसूक चाललेलाच आहे, आपण फक्त ऐकायचा.

बसणं जमत नसेल त्या दिवशी चाला. दर पावलाला एक अक्षर. राम-कृष्ण-हरी, सहा पावलांत एकदा. तुम्हाला डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे. स्टेशनच्या जिन्यावर नको, बागेत किंवा गच्चीवर करा. वारीत २० दिवस पायी चालताना याची गोडी कळते. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर पाय आणि नाम वेगळे राहत नाहीत.

नागनदी | ६ मे, रात्री ८:५०

शेवंतीताई, मी नागपूरचा. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी पोरांना आनापान शिकवतात. मी तिथेच नवव्या वर्षी शिकलो, आता माझी पोरगी शिकते.

आनापान म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास, जसा आहे तसा जाणणं. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. लक्ष ठेवायची जागा नाकपुड्यांचं तोंड आणि वरच्या ओठाच्या वरचा चिमूटभर भाग. आत्ता वाचता वाचता तिथे लक्ष नेऊन बघा. आत जाणारी हवा किंचित गार लागते, बाहेर येणारी किंचित कोमट. सुरुवातीला काहीच कळत नाही. अशा वेळी दोन-चार श्वास थोडे जोरात घ्यायचे, स्पर्श सापडला की परत सोडून द्यायचा. आमच्या विहारातले गुरुजी पोरांना दारावर बसलेल्या चौकीदाराचं उदाहरण द्यायचे. त्याने कोण आत गेलं, कोण बाहेर आलं एवढं बघायचं. पाहुण्याच्या मागे घरात जायचं नाही.

२०१४ मध्ये मी इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळ, रात्री साडेनऊला दिवे बंद. आर्य मौन, म्हणजे खुणेनेही बोलायचं नाही. शिबिराची फी नाही, जुन्या साधकांच्या दानावर चालतं. तुम्हाला हे सांगण्याचं कारण वेगळंच. तिथेही दिवसाला दहा तास बसून पहिले साडेतीन दिवस फक्त श्वासच असतो. विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना जशा आहेत तशा बघणं, त्यानंतर. तुमचे चौदा दिवस गुणिले दहा मिनिटं म्हणजे अडीच तासही भरत नाहीत. साधारण पहिल्या सकाळच्या नाश्त्यापर्यंतचीच ती बैठक झाली, आणि तेवढ्यात तुम्ही स्वतःवर ठपका ठेवून मोकळ्या झालात.

ही शिबिरं सुरू करणारे सत्यनारायण गोयंका गुरुजी ब्रह्मदेशातल्या मंडालेचे व्यापारी. अर्धशिशीने हैराण होऊन १९५५ मध्ये रंगूनला सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले. उ बा खिन भिक्षू नव्हते, ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. दिवसभर हिशेब बघणारा गृहस्थ. तुम्ही ‘डोळ्यांसमोर हिशेब’ लिहिलंत तेव्हा मला तेच आठवले. १९६९ मध्ये गोयंका गुरुजी भारतात आले, १९७६ मध्ये धम्मगिरी उभं राहिलं.

टाळचिपळीताईंच्या नामाबद्दल मनात आदर आहे. माझी पद्धत मात्र शब्द न जोडता नुसत्या श्वासाची. जे घ्याल ते एकच घ्या आणि किमान दोन महिने तेच ठेवा. पाच ठिकाणी चार-चार फूट खणून विहिरीला पाणी लागत नाही.

टाळचिपळी | ६ मे, रात्री ९:२०

शेवटचं अगदी पटलं दादा. एकच धरा.

कोरडा_ओढा | ७ मे, सकाळी ७:१०

माझंही बीपी वाढलेलं आहे, गोळी चालू आहे. ध्यानाने बीपी उतरतं म्हणतात. मग नियमित बसायला लागल्यावर गोळी सोडता येईल का?

समुद्रकाठ | ७ मे, सकाळी ७:४०

नाही. कृपा करून सोडू नका. संध्याकाळी नीट लिहिते.

समुद्रकाठ | ७ मे, रात्री १०:१०

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, रत्नागिरीत काम करते आणि स्वतः आठ वर्षं बसते आहे. ध्यानावर माझं प्रेम आहे, म्हणूनच त्याच्या नावावर नसलेलं श्रेय लावलेलं मला आवडत नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून काढलेला निष्कर्ष असा, की हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी ध्यान जोड म्हणून विचारात घेता येईल, पण ते नेहमीच्या उपचारांसोबत. त्याऐवजी नाही. बीपीची गोळी मनाने बंद केली आणि मेंदूतल्या रक्तवाहिनीने दगा दिला, अशी माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. कोरडा_ओढा, डोस कमी करायचा असेल तर तो तुमचे डॉक्टर घरच्या नोंदी बघून करतील.

मग ध्यानाने होतं काय? २०१४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता, ३,५१५ माणसांचा. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. फरक थोडा, पण खरा. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस ठरतं असा पुरावा मात्र मिळाला नाही. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. रोजच्या सात मिनिटांनी चिंता थोडी उतरत असेल तर ते पुष्कळ आहे.

आणि मन भरकटण्याबद्दल. २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २,२५० माणसांना दिवसभरात अवचित फोनवर विचारलं, आत्ता काय करता आहात आणि मन कुठे आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. म्हणजे शेवंतीताई, जे तुम्हाला पहाटे देवघरासमोर दिसतं ते दिवसभर सगळ्यांच्या डोक्यात चालूच असतं. तुम्ही थांबलात म्हणून तुम्हाला ते ऐकू आलं.

श्वास अडकतो त्यावर एक उपाय. बसण्याआधी दोन मिनिटं श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा थोडा लांबवा, चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम वाढतो आणि ठोके किंचित मंदावतात. मनगटावर बोटं ठेवून बसलात तर काहींना स्वतःलाही हा चढउतार जाणवतो. मग मोजणं सोडून जुनी_बैठक काकांनी सांगितलं तसं बसा.

रात्रपाळी | ७ मे, रात्री ११:५५

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. पण नवीन माणसं वाचतील म्हणून लिहितेच.

मी नर्स आहे. २०१८ मध्ये माझं बाळ सातव्या महिन्यात गेलं. त्यानंतर पाच महिन्यांनी, मन शांत होईल म्हणून, मी एका निवासी शिबिराला गेले. कुठलं ते लिहीत नाही. अर्जात मानसिक त्रासाबद्दल स्पष्ट विचारलं होतं आणि मी ‘नाही’ लिहिलं, कारण मला त्रास आहे हेच मी मान्य केलं नव्हतं. चौथ्या दिवसापासून झोप गेली. डोळे मिटले की ऑपरेशन थिएटरचा दिवा दिसायचा आणि छाती इतकी धडधडायची की आपण आता मरतो असं वाटायचं. देखरेखीला असलेल्या बाईंना दोनदा सांगितलं. ‘जुने संस्कार बाहेर पडताहेत, बसत राहा’ असं उत्तर मिळालं. सहाव्या दिवशी नवरा येऊन घेऊन गेला. पुढचे दोन महिने मी डोळे मिटायला घाबरत होते.

नंतर वर्षभर समुपदेशन घेतलं, काही काळ औषधंही. आता मी पुन्हा बसते, पण डोळे उघडे ठेवून, गॅलरीतल्या तुळशीकडे बघत, दहा मिनिटं, आणि तळपायांना फरशीचा गारवा जाणवत राहील अशी. काही वर आलंच तर उठून तोंड धुते, कुणाला तरी फोन करते. याला मी पळणं मानत नाही.

ज्यांच्या मनावर ताजी जखम आहे, ज्यांना पॅनिक अ‍ॅटॅक येतात, त्यांनी दहा दिवसांच्या मौनाने सुरुवात करू नये. आणि शिकवणाऱ्यांनी ‘बसत राहा’ हे उत्तर प्रत्येकाला देऊ नये.

नागनदी | ८ मे, सकाळी ६:३०

ताई, हात जोडतो. मी वर शिबिराबद्दल उत्साहाने लिहिलं, पण ही बाजू लिहायला हवी होती ती राहिली. अर्जातला तो प्रश्न आपण सगळेच घाईघाईने भरतो. आमच्या वस्तीत कुणी शिबिराला निघालं की यापुढे मी स्वतः शेजारी बसून तो अर्ज भरून घेईन.

समुद्रकाठ | ८ मे, सकाळी ८:००

रात्रपाळी, तुम्ही लिहिलंत त्याचा कुणाला तरी नक्की उपयोग होईल. तुम्ही आता जे करता, डोळे उघडे, तळपायांवर लक्ष, थोडा वेळ, तेच मीही अशा माणसांना सुचवते. आवाज ऐकू येणं, भास, उन्मादाचे झटके यांचा इतिहास असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायलाच हवं. बसताना भीती, बधिरपणा किंवा झोप उडणं असं काही झालं तर थांबायचं. साधना अर्धवट सोडली म्हणून काही बिघडत नाही. लगेच बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र आहे, मराठीतही बोलता येतं.

निरांजन | ८ मे, रात्री ९:३०

मिटलेल्या डोळ्यांत ज्यांचे विचार उसळतात त्यांच्यासाठी त्राटक हा एक पर्याय. तुपाचं निरांजन डोळ्यांच्या रेषेत, हातभरापेक्षा थोडं लांब. पंखा बंद. ज्योतीच्या बुडाशी काळसर निळा भाग असतो, त्याच्यावर पिवळा. वातीच्या टोकावर नजर ठेवायची, ताण न देता, डोळे पाणावेपर्यंत. मग मिटायचे. आत तीच ज्योत हिरवट-जांभळी होऊन तरंगत राहते, ती विरेपर्यंत बघायची. मी दोनदाच करतो, रात्री झोपण्याआधी. काचबिंदू, डोळ्यांचं दुखणं किंवा फिट येत असेल तर मात्र करू नये.

शेवंती | १६ मे, रात्री १०:२०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रात्रपाळीताई, तुमच्यासाठी शब्द नाहीत. तुमचं वाचल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी बसले तेव्हा पहिले दोन-तीन श्वास तुमच्या नावाने घेतले.

मी मोजणी धरली आहे. एकच धरा म्हणालात म्हणून. वेळ बदलली, आता ऑफिसला निघण्याआधी, अंघोळ झाल्यावर, सात मिनिटं. झोप येत नाही. अकरा दिवसांत एक दिवस चुकला, त्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात नेलं होतं.

नवव्या दिवशी एक झालं ते सांगते. मन गेलं होतं क्लासच्या फीकडेच. पण या वेळी मी ते जाता जाता पकडलं. म्हणजे विचार पूर्ण व्हायच्या आधी, ‘पहिला हप्ता...’ इथेच. आणि त्याच्याखाली काय होतं तेही दिसलं. पैशांची काळजी नव्हतीच. लेक मोठी होऊन दूर जाईल ही भीती होती. पोटात, बेंबीच्या वर, मूठ आवळल्यासारखी. मी तिला काही केलं नाही. पाच-सहा श्वास ती तशीच होती, मग सैल झाली. काका, हे बरोबर आहे का?

जुनी_बैठक | १७ मे, पहाटे ६:१५

ताई, हे उत्तम आहे. उद्या पुन्हा तसं होईल म्हणून मात्र बसू नका. उद्या कदाचित सात मिनिटं नुसती भाजीची यादी येईल.

शेवंती | १७ मे, रात्री ९:००

आजच आली. मेथी, दुधी, कोथिंबीर. एकपासून मोजायला लागले.

कोरडा_ओढा | २० मे, सकाळी ६:४५

मी गोळी चालू ठेवली आहे. काल डॉक्टरांना घरच्या नोंदींची वही दाखवली, त्यांना आवडलं. बसायला सुरुवात केली, खुर्चीवर, पाच मिनिटं. माझे गुडघे ऐकत नाहीत. चाराच्या पुढे जात नाही.

टाळचिपळी | २० मे, सकाळी ७:३०

चारापर्यंत जाताय ना दादा, मग झालं तर. आमच्या गावाकडे म्हणतात, मेढीला बांधलेलं वासरू सुरुवातीला हिसके देतंच.

शेवंती | ११ जून, रात्री १०:५०

पाच आठवडे झाले. आज डॉक्टरांकडे गेले होते. १३४/८६. गोळी तीच, डोसही तोच. लोणचं-पापड बंद आहे, रोज अर्धा तास चालते आहे, त्यामुळे कशाने किती उतरलं हे मी सांगणार नाही, समुद्रकाठताईंना ते आवडायचं नाही.

आज पावसाने गाड्यांचा गोंधळ होता. दिवा आणि डोंबिवलीच्या मध्ये लोकल पस्तीस मिनिटं उभी. डब्यात दाटी, एक बाळ रडत होतं, त्याची आई रडकुंडीला आलेली. एरवी अशा वेळी माझ्या मानेपासून वर गरम व्हायला लागतं. तसं झालंही. मान तापतेय हे कळलं आणि मी उभ्या उभ्याच कडीला धरून मोजायला लागले. एक. दोन. तीन. मग त्या आईला म्हटलं, “द्या इकडे, मी घेते थोडा वेळ.” ते पोर माझ्या खांद्यावर आलं, ओलं, जड, हुंदके देणारं. त्याची छाती माझ्या छातीला लागून वर-खाली होत होती. त्याचेच श्वास मोजत राहिले. दहापर्यंत किती वेळा गेले ठाऊक नाही. गाडी हलली तेव्हा ते झोपलं होतं.